लुगडं माझं, तोंड सखुबाईचं

॥ श्री ॥

इंदूर, फाल्गुन शुद्ध पंचमी, सोमवार
ता. २० फेब्रुवारी १९६१

सिमरोलच्या सखुबाईंना इंदूरच्या द्वारकाबाईचा नमस्कार.

आमच्याकडे सगळे ठीक. संताजीला पोलोग्राउंडच्या कारखान्यात दिवसपाळी लागलीय, त्यामुळे दुपारी घरात जरा शांतता असते. सूनबाईचा, कमलचा, गुडघा धरलाय, पण तोंड चालू आहे. तुमचं ठीक असेल असं मी धरून चालते. माझा नातू उदय तुमच्याकडे विहिरीवरून पाणी आणतो, लाकडं फोडतो, असं ऐकलं. इथं त्याला तांब्या दे म्हटलं तरी ऐकू जायचं नाही. तुमच्या हातचे बाफले चार-चार खातो हेही ऐकलं. इथं दोन पोळ्यांवर हात धुतो.

पत्र तुम्हाला लिहिलंय, पण वाचून दाखवणार उदयच, हे मला कळतं. तुम्हाला दिसत नाही आणि तुमच्या घरात दुसरं वाचणारं कुणी नाही. म्हणून आधी त्यालाच सांगून ठेवते. उदय, आहे तसं वाच. गाळायचं नाही, गोड करायचं नाही. मी दुसरी शिकलेली बाई, अक्षर वेडंवाकडं आहे, पण लागत नाही म्हणून पुढं पळू नको. सखुबाई, तो अडखळला की समजा तिथं काहीतरी लिहिलेलं आहे. मागं फिरवून पुन्हा वाचायला लावा.

आता लुगड्याचं.

माझं जांभळं महेश्वरी लुगडं, काठावर विटांची नक्षी असलेलं, दिवाळीपासून तुमच्याकडे आहे. माझ्या सासूनं ते मला दिलं तेव्हा म्हणाली होती, हे नेसून भांडी घासलीस तर बघ. मी कधी घासली नाहीत. दिवाळीला उदय आला आणि म्हणाला, "आजी, तुझं ते जांभळं लुगडं दे. मोठं चित्र करतोय."

हा पोरगा चित्रकलेची परीक्षा पास झाला आणि नोकरी बघायची सोडून तुमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत जाऊन राहिला. ओढ्यातली माती वाटून रंग करतो, गोणपाटाला सरस फासून त्यावर काढतो, आणि मनासारखं झालं नाही की सुरीनं खरवडून टाकतो. हे सगळं मी ऐकून होते. पण लुगडं मागितलं तेव्हा वाटलं, आता अक्कल आली. माझी तस्वीर काढतोय. समोर बस म्हणायला लाजत असेल, म्हणून नुसतं लुगडं नेतोय. तोंड काय, जन्मल्यापासून बघतोय, पाठ असेल. मी घडीत कापूर घातला, लुगडं जुन्या धोतरात बांधून दिलं, आणि गल्लीत सांगून आले.

गल्लीत सांगायला नको होतं.

गांधी हॉलमध्ये त्याच्या चित्रांची नुमाइश लागली तेव्हा शेजारच्या भानुमतीला आणि गंगूबाईला मी टांग्यात घालून घेऊन गेले. दारातून आत शिरलो तर समोरच्या भिंतीवर माझं लुगडं, हे एवढं मोठं. आणि लुगड्यात तुम्ही.

भानुमती बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिली. म्हणाली, "द्वारकाबाई, लुगडं बाकी हुबेहूब आलंय. तोंड जरा हुकलंय का?"

"शिकतोय ना अजून," गंगूबाई म्हणाली. "तोंड अवघड असणार."

मी म्हणाले, "हो. शिकेल."

काय करणार. सख्ख्या नातवाला कच्चा ठरवला, पण तस्वीर माझी नाही हे तोंडून निघेना.

तेवढ्यात उदयची हाक आली, "आजी, इकडे ये." मी पदर सावरून निघालेसुद्धा. मग दिसलं की तो माझ्याकडे बघतच नव्हता. दारात तुम्ही उभ्या होता, काठी टेकत. तुम्हाला आणायला तो पुढं गेला, कोपराला धरून सांभाळून आणलं, उंबरा आला तसं "पाऊल उचल" म्हणाला. भानुमतीनं एकदा तुमच्याकडे बघितलं, एकदा भिंतीकडे, आणि मग माझ्याकडे. आता गल्लीभर बोलतेय.

तुम्ही माझा हात चाचपून धरलात. "तुम्ही उदयच्या आजी ना? मला सांगा, मी कशी दिसते हो त्यात?"

मी म्हणाले, "लुगडं छान उठून दिसतंय."

"हओ," तुम्ही म्हणालात. "लुगडं तुमचंच आहे म्हणे." आणि हसलात.

ते हसणं मला घरी येईपर्यंत टोचत होतं. रात्री जेवताना संताजी म्हणाला, "आई, तुझी तर जलन सुरू झाली." मी म्हणाले, जलन कसली, मला लुगड्याची फिक्र आहे. खेड्यातल्या घरात कसर लागते.

तर लुगडं परत मागायचं म्हणून हे पत्र लिहिणार होते. बिल्कुल दोन ओळींचं. पण शुक्रवारी उदयचं कार्ड आलं. त्यानं लिहिलंय, सखूआजीला चित्र कसं झालंय ते सांगून मी दमलो. ती म्हणते, तू काढलंस, तू चांगलंच म्हणणार. गावातले लोक बढ़िया-बढ़िया करतात, तेही तिला पटत नाही. तिची नजर गेली तेव्हा केस काळे होते, त्यानंतर तिनं स्वतःला बघितलेलं नाही. ती म्हणते, तुझ्या आजीला विचार, ती बाई गोड बोलायची नाही. चित्र भोपाळच्या कुण्या साहेबांनी घेतलंय, मंगळवारी जाईल. तेव्हा आजी, लवकर जाऊन बघ आणि लिही.

म्हणजे जिच्यापायी मला गल्लीत मान वर करता येईना, तिला तिचं तोंड कसं आहे ते मी सांगायचं. बाकीच्यांचं तिला पटत नाही, माझंच पटणार. आणि मी तिथं लुगड्यावर निभावून नेलं होतं ते तुम्हाला बरोबर कळलेलं दिसतं.

तरी काल गेले. एकटीच गेले, भानुमतीची कटकट नको. तुमच्या चित्रासमोर इतका वेळ उभी राहिले की तिथला चपराशी म्हणाला, "माँजी, बैठ जाओ, तस्वीर कहीं भाग थोड़ी रही है." त्यानं स्टूल दिलं. मी बसले आणि तांदळातले खडे बघावे तसं बघितलं.

(इथं उठावं लागलं. दूध उतू गेलं. कमल तिथंच बसली होती, म्हणे मला वाटलं तुमचं लक्ष आहे.)

हे तुम्ही-तुम्ही पुरे आता, शाई फुकट जाते. तुझे सासरे होळकरांच्या पागेत, माझेही पागेत, कुणी कमी नाही कुणी जास्त नाही. आता मी तुला तूच म्हणते.

सखू, तू म्हातारी झालीस. हे आधी सांगते, कारण मला वाटतं हे तुला कुणी धड सांगितलेलं नाही. केस सगळे पांढरे झालेत. कपाळावरचे तेवढे पिवळट आहेत, ते चुलीच्या धुरानं. गाल आत गेलेत. कपाळाला आडव्या रेघा आहेत आणि ओठांच्या कडेनं खाली उतरणाऱ्या खोल रेघा. गळ्याचं कातडं सुटलंय. माझ्यापेक्षा तू जास्त म्हातारी दिसतेस, आणि हे मी जलन म्हणून लिहीत नाही, दिसलं ते लिहिते.

तोंडाला त्यानं तुमच्या ओढ्याची तांबडी माती लावलीय. जवळ गेलं तर गाल खरखरीत लागतो. चपराशी हात लावू देत नाही, मी लावला. लांबून तोच गाल मऊ दिसतो, हे कसं केलंय ते मला कळलं नाही. जांभळा काही मातीतून निघत नाही, तो रंग बाजारातून आणला म्हणे. म्हणजे माझ्या लुगड्याला दुकानातला रंग आणि तुझ्या तोंडाला हातानं वाटलेला. असू दे.

देखणी आहेस का, असं तू विचारलं नाहीस. पण बाई मी कशी दिसते विचारते तेव्हा तेच विचारत असते. देखणी नाहीस. नाक बसकं आहे. माझं नाक सरळ आहे, उदयचं माझ्यावर गेलंय, हात लावून बघ हवं तर. हनुवटी मात्र अच्छी-खासी आहे. तरुणपणी त्या हनुवटीनं कुणाचं तरी डोकं फिरवलं असेल.

डोळे उघडे काढलेत. मिटलेले काढणं त्याला सोपं गेलं असतं, आणि तसं केलं असतं तर मी तिथंच त्याला चार शब्द ऐकवले असते. उजव्यावर पांढरं पसरलंय, डावा नुसता स्थिर आहे. वाईट दिसत नाही. फक्त ते डोळे कुणाकडे बघत नाहीत, त्यामुळे समोरच्याला वाटतं आपण न विचारता घरात शिरलो.

मग मान दिसली. मान जराशी वळलीय. पदर कानामागं सारलेला आहे, आणि कान पुढं. ओठ हसू यायच्या आधी असतात तसे. तू काहीतरी ऐकतेयस. मला वाटलं पाखरू असेल, नाहीतर घाटातून मोटर येत असेल. चित्रात तर काही नाही, मागं नुसती लिंपलेली भिंत. मी त्या भिंतीवर शोधत बसले. मग कळलं, भिंतीवर कुठून सापडणार. तुझ्या पुढ्यात तो होता. तू त्याला ऐकत होतीस.

एवढं कळल्यावर मी उठले आणि बाहेर जाऊन पाणी प्यायले.

परत आले तर माणसं येतच होती. बाकीच्या चित्रांत पळस लालभडक काढलेत, बैल धुणारी पोरं आहेत, तुमच्याकडचे डोंगर आहेत. सगळं ओलांडून माणूस आधी तुझ्याकडे जातो. एक चष्मेवाली शिकलेली बाई तुझ्यासमोर उभी राहिली आणि तिनंही आपली मान वळवली, तिला स्वतःला पत्तासुद्धा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उदय, वाच हे. चित्र बिघडलं असतं तर मी घरी जाऊन सुखानं जेवले असते. तोंड हुकलेलं नाही. कुठंच हुकलेलं नाही.

आणि तुझ्या जागी मी बसले असते तर ते झालं नसतं, हेही मला स्टुलावर बसल्या-बसल्या कळलं. मी त्याच्याकडे बघत बसले असते. बनियन का फाटलंय, दाढी का वाढलीय, तो डाग कसा निघणार. तोंड बंद राहिलंच नसतं. म्हणून त्यानं तुला बसवलं. मला हे पटलंय. आवडलेलं नाही.

तुझं काम झालं. तू कशी दिसतेस ते मी सांगितलं, आणि चित्र भोपाळला गेल्यावर आता तुझ्या बाजूचं कुणी ते बघायला जाणार नाही, तेव्हा हेच धरून चाल.

आता माझं काम.

इथं आला की उदय भिंतीला टेकून बसतो. विचारलं त्याला "हं" म्हणतो. संध्याकाळच्या मोटरनं निघून जातो. लहान होता तेव्हा माझ्या चुलीशी बसून कोळशानं फरशीवर काढायचा, आणि काढताना सारखं काहीतरी पुटपुटायचा, बैलाशी बोलतोय की स्वतःशी कळायचं नाही. मी पोळ्या लाटत असायचे. मग चित्रकलेच्या शाळेत गेला आणि आमच्यासमोर काढणं बंद झालं. मोठा झालेला उदय काम करताना कसा असतो, मला ठाऊक नाही. ते तुझ्याकडे आहे. रोज सकाळी तुझ्या ओटल्यावर आहे. लुगड्याचं काय घेऊन बसले मी.

तर ते मला सांग. अजून पुटपुटतो का? काय पुटपुटतो? कुंचला हळू घासतो की आपटतो? खरवडायला लागला की आधी उसासा टाकतो की शिवी देतो, आणि शिवी दिली तर कोणती, मराठीतली की हिंदीतली? मनासारखं जमलं की गप्प होतो की तुझ्याशी बोलायला लागतो? उपाशीपोटी काम करतो हे मला माहीत आहे, त्यात कागद घालवू नको. मला एवढं सांग की तो खूश असतो का, आणि तुला ते कशावरून कळतं. तुला दिसत नाही हे ठाऊक असूनच तुला विचारते. ज्यांना दिसतं त्यांना विचारून झालं. संताजी म्हणतो मजेत असेल, कमल म्हणते वाळलाय.

उत्तर उदयकडून लिहवू नको. स्वतःबद्दलचं तो सगळं गाळेल. तुमच्या गावच्या रघुवीर मास्तरांना ओटल्यावर बसव, ताक दे आणि त्यांच्याकडून लिहव. तोवर उदयला डोंगर काढायला पाठव.

लुगडं परत नको. भोपाळच्या चित्रात ते आता तुझ्या अंगावरच राहणार. इथं मी नेसले तर भानुमती म्हणेल, सखुबाईचं नेसलात वाटतं. वापर. पण तूही ते नेसून भांडी घासायची नाहीस.

उदय, इथवर वाचलं असशील तर कागद खाली ठेव आणि आजीला पाणी दे. घसा तुझा सुकला असेल, पण आधी तिला दे.

उत्तर सवडीनं द्यावं असं लिहायची रीत आहे. सखू, तू सवड काढ.

उदयची इंदूरची आजी,
द्वारका