खुर्चीवरचा व्यायाम

पैलवान,

काल तुझ्या आग्रहाखातर खुर्चीवरून उठबस दुप्पट केली आणि रात्रभर अंग ठणकत राहिलं. आता धड पडवत नाही, बसवत नाही, म्हणून खाली बागेत हळूहळू चालायला जातेय. शोधत येऊ नकोस.

फायब्रोमायल्जियात, म्हणजे माझ्या या अंगभर दुखण्याच्या आजारात, थोडंच करा पण रोज करा, असं डॉक्टरीणबाई तुझ्यासमोरच म्हणाल्या होत्या. तरी तू म्हणालास, "आई, जरा मनावर घे." दुखणं मनात असतं, तर मी ते कधीच दटावून घालवलं असतं.

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

व्यायाम मी सोडणार नाही. पण जिममधल्यासारखा समोर उभा राहून आकडे मोजू नकोस. शेजारी खुर्ची टाक, माझ्याबरोबर कर आणि मी थांबले की तूही थांब.

आई