खचणारा कप्पा

३ मार्च
पोहोचलो एकदाचा! खोली छोटी, खिडकी मोठी, आणि घरमालकीणबाई इतक्या मायाळू की पहिल्याच दिवशी त्यांना मावशी म्हणून मोकळा झालो. घरामागे वाळूचा उंच उतार. तो ढासळू नये म्हणूनच मला नेमलंय. प्लॅस्टिकची जाळी ताणली की मधाच्या पोळ्यासारखे कप्पे उघडतात, त्यांत वाळू ठासायची. मोकळी वाळू पायाखालून पळते, पण चारी बाजूंनी धरली की ट्रकसुद्धा पेलते. मुकादम म्हणाला, साहेब वाळूला वेसण घालायला आलेत. मला हसू आवरेना.

९ मार्च
काम झपाट्याने चाललंय. घराच्या उंबऱ्याशी रोज दुपारी चिमूटभर वाळू पडते, कुणी पाय झटकून आत यावं तशी. मावशी ती झाडत नाहीत. आज कारण सांगितलं. त्यांचे यजमान, म्हणजे काका, याच उतारावर खोदकामाला जायचे. गेल्या वर्षी तो कोसळला, ते सापडलेच नाहीत. पण येऊन जातात, म्हणाल्या. वरची एक रांग तेवढी मोकळी ठेव, इतकंच मागणं. मी हो ला हो केलं. वेड्या मायेला कोण समजावणार?

१४ मार्च
शेवटची रांगही भरली. काम अर्धवट सोडलं तर उतार उद्या कुणाच्या तरी अंगावर यायचा. आज उंबरा लख्ख होता. मावशी भरल्या ताटावरून उठल्या. इतकं बळकट कशाला केलंस रे, एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ मार्च
वरच्या रांगेतला एक कप्पा वीतभर खचलाय. जाळी शाबूत, शेजारचे कप्पे घट्ट. वाळू घालून ठोकून घेतला.

१७ मार्च
पुन्हा तोच. पुन्हा भरला. मी वरून ठोकत होतो, आणि खालून कुणीतरी—
मुकादम म्हणतो, ऊन लागलंय तुम्हाला.

१८ मार्च
मावशी घरात नाहीत. चपला उताराच्या पायथ्याशी, नीट जोडीने. खचलेले कप्पे आता दोन. शेजारीशेजारी.
काका वर येत होते. आणि मी रोज वाळू घालून— रोज ठोकून—

१९ मार्च, भर दुपार
जाळी कापली. माणसं पळाली. वाळूतून एक हात वर आला. मग दुसरा, मावशींचा.
डाव्या हाताने लिहितोय. उजवा त्यांनी धरलाय. ओढत नाहीत. नुसता धरलाय, आजारी माणूस धरतो तसा. मला सोडवत नाही—
उतार सुटलाय. वाळू कमरेला— मावशी, काकांना घेऊन तुम्ही पुढे व्हा, घर इकडे, या बाजू—