घाटावरचा भंडारा

६ एप्रिल, सोमवार

भोसरीच्या प्लॉटवर मारामारी. काम बंद.

दत्तानं स्वतःच्याच ड्रायव्हरला, रामकिसनला, टॉमीनं, चाक खोलायच्या लोखंडी दांड्यानं, हाणलं. माझ्या डोळ्यांदेखत. रामकिसन माझ्याकडंच येत होता. "साहेब, जरा बोलायचं हुतं," एवढंच म्हणाला आणि मागून टॉमी पाठीत बसली. दुसरा फटका कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज आला. मी दत्ताची गचांडी धरली तर म्हणतो, "दाजी, माझा माणूस हाय, मी बघतो. तुमी तुमची माती बघा."

माझी माती. च्यायला. प्लेटिंगचा कारखाना कधीच बंद पडला, पण टाक्या गळून गळून क्रोमचं विष खाली पार पाण्यापर्यंत उतरलंय. ती माती खणायची, डंपरमध्ये भरायची, ताडपत्री आवळायची आणि विषारी कचऱ्याच्या सरकारमान्य डेपोत नेऊन पुरायची. खणण्यावर देखरेख माझी, डंपर दत्ताचे. का, तर तो वर्षाचा धाकटा भाऊ आणि मी वर्षाचा नवरा. शिवाय या पट्ट्यात गाववाल्याला डावलून बाहेरची गाडी लावली की काचा फुटतात, हे क्लायंटलाही ठाऊक.

रामकिसनला दवाखान्यात नेलं. बोटांच्या पेरांवर गोल खड्डे पडलेत, क्रोमचे. हातमोजे दिले होते, त्यांचं काय झालं? "मालकानं इकले." आणि बोलायचं काय होतं? तर भिंतीकडं तोंड फिरवलं.

दत्ताचा एक हात मोडायला पाहिजे. वर्षासमोर हे बोललो नाही.

८ एप्रिल, बुधवार

वर्षा आणि आमची लेक ओवी कालपासून गावी, वर्षाच्या माहेरी. रविवारी यात्रा, बैलगाड्याची शर्यत. ओवीची शाळा बुडवून गेल्यात.

आत्ता वर्षाचा फोन. आनंदानं धाप लागलेली. "अहो, चमत्कार झालाय. घाटावर भंडारा उगवलाय."

शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळायची धावपट्टी, यंदा नवीन भराव टाकून, रोलर फिरवून केलाय. धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलं, ऊन तापलं आणि जमिनीतून पिवळं वर आलं. खंडोबानं स्वतः भंडारा उधळला म्हणे. लोक पुड्या बांधून नेतायत, चाकणहूनही येतायत.

फोटो पाठवला. ओवीच्या कपाळाला, गालांना पिवळं. हसतीये, पुढचे दोन दात पडलेले.

हळद नाही ही. हळदीला इतका लिंबट रंग नसतो. भोसरीच्या खड्ड्याच्या कडेला हेच रोज बघतो मी. क्रोमची माती भिजून वाळली की अशीच फुटते, भिंतीला खार फुटावा तशी.

यंदाचा नवीन भराव. कमिटीचा अध्यक्ष दत्ता. डेपो लांब, गाव वाटेवर. रामकिसन हेच सांगायला येत होता.

वर्षाला म्हटलं, आधी ओवीला धू, साबणानं, आत्ताच्या आत्ता. तर म्हणते, "देवाचं आहे ते. असं काय करताय?"

निघतोय.

९ एप्रिल, गुरुवार

डावा डोळा उघडत नाही. एका डोळ्यानं लिहितोय. बरगडीला चीर आहे, श्वास घेतला की कळतं.

काल पोचलो तर घाटावर ही रांग. सासूबाई पुढं बसलेल्या, हातात ताटली. येईल त्याच्या कपाळाला लावायचं आणि चिमूटभर जिभेवर ठेवायचं. ओवीचा नंबर आलेला. जीभ काढून उभी होती.

मी पळत गेलो आणि ताटलीवर फटका मारला. ताटली उडाली आणि सासूबाईही कलंडल्या. तेवढं व्हायला नको होतं. ओवीला उचललं आणि ओरडलो, "विष आहे हे. भोसरीच्या कारखान्यातली माती आहे."

सगळे नुसते बघत राहिले. गावाचा जावई मी, जावयावर कोण हात टाकणार? मग दत्ता आला. "देवाला इष म्हणतो? आईला ढकलतो?" पहिली बुक्की त्याची, डोळ्यावर. ओवी हातातून सुटली. एकानं सुरुवात केली की बाकीच्यांना परवानगी लागत नाही. चपला, काठ्या, लाथा. ज्यांनी माझ्या लग्नात पंगती वाढल्या तेच. तोंडात माती गेली, ती थुंकायलाही वेळ मिळेना.

मग दत्तानंच मला ओढत गोठ्यात नेलं. दार लावलं, छातीवर गुडघा रोवला आणि कानाशी येऊन रडायला लागला.

"दाजी, मला वाटलं माती ती माती. डिझेल वाचलं, घाट झाला. आता सांगितलं तर गाव मला जित्ता ठेवंल का? रविवार हुंद्या. मग समदं उचलतो, आईची आन."

म्हटलं, रविवारी पंचक्रोशी अनवाणी येईल त्यात. बैल धावले की सगळी धूळ लोकांच्या छातीत जाईल.

"कोण मेलंय का आजपावतर?"

रडणं चालू, आणि गुडघा जराही ढिला नाही.

घरी आल्यावर सरकारच्या प्रदूषण मंडळात फोन केला. अर्ज द्या, सोमवारनंतर माणूस पाठवतो. पोलीस म्हणाले, यात्रेच्या तोंडावर देवाचं प्रकरण नको, राव. दोघांनाही शिव्या दिल्या. उपयोग शून्य.

वर्षा आणि ओवी अजून तिकडंच.

१० एप्रिल, शुक्रवार

वर्षा दुपारी ओवीला घेऊन रावेतला घरी आली. माझ्यासाठी नाही आली. ओवीला सकाळपासून उलट्या. तळपायाला फोड, एक फुटलेला.

डॉक्टरला सगळं खरं सांगितलं. किडनीची तपासणी घेतली. रिपोर्ट बरा आहे, पण आठवड्यानं परत बघू म्हणाले. ओवीला विचारलं, आजीनं जिभेवर किती वेळा दिला गं? "रोज. दत्तूमामा मला नको म्हणाला. आजीनं तरी दिला."

म्हणजे भाचीला नको हे कळत होतं त्याला. आणि आईला? गावातल्या बाकीच्या पोरांना? हे ऐकून मी न्हाणीघरात गेलो आणि बादली फोडली. प्लास्टिकची होती.

"माझ्या आईला पाडलंत तुम्ही," वर्षा एवढं एकदाच म्हणाली. पिशवीतून पुडी काढून देव्हाऱ्यात ठेवायला निघाली, तेव्हा हात धरला तिचा. खेचाखेची झाली, तिची बांगडी फुटली. मग एकदम सुचलं. प्रयोगशाळेचे कागद दाखवून काय उपयोग, ते तिला माझेच वाटणार. खालच्या टपरीवरून चुना आणला. डब्यातली हळद बशीत घेतली, चुना कालवला. लाल झाली. कुंकू असंच करायची माझी आई, वर्षाचीही आई. मग दुसऱ्या बशीत पुडीतलं पिवळं, त्यात चुना. पिवळं ते पिवळंच.

वर्षानं बोटानं परत कालवलं. परत. मग मी हात धुवायला लावले.

तिनं हात पुसले. मग आईला फोन लावला. "आई, तुझी चुन्याची डबी कुठंय? सांगते तसं कर."

१२ एप्रिल, रविवार

सगळं लिहितो. उद्या वेगळं आठवायला लागेन.

गेलो तिघंही. ओवी आईला सोडेना. तिला गाडीत ठेवलं, काचा वर, वर्षा शेजारी. घाट माणसांनी भरलेला, झाडांवरसुद्धा माणसं. पहिली जोडी जुंपलेली. बैलांच्या अंगावर तेच पिवळं उधळलेलं. धूळ उडाली की लोक तोंड वर करत होते.

माझ्या अंगावर पोरं धावून येणार, तेवढ्यात सासूबाई घाटात उतरल्या. एकट्या. बैलांसमोर. निवेदकाच्या हातातला माईक घेतला. एका तळहातावर घरची हळद, दुसऱ्यावर घाटावरचं. दोन्हींवर चुना चोळला आणि हात वर केले.

"बायांनो, हळद असती तर लाल झाली असती. ही न्हाई झाली."

कुजबुज. कुणीतरी म्हणालं, देवाची हळद येगळी असंल. त्या म्हणाल्या, "आसंल की. मग अध्यक्षानं आधी खावी. दत्ता, ये हिकडं."

दत्ता फेटा बांधून मंचावर. उतरावं लागलं. सासूबाईंनी तळहात त्याच्यापुढं धरला. "देवाचा भंडारा हाय ना? घाल तोंडात."

त्यानं चिमूट उचलली. हात हनुवटीपर्यंत गेला आणि थांबला. सगळ्या घाटानं बघितलं. चिमूट खाली पडली.

"आई," म्हणाला, "घरी बोलू."

तरीही कुणी हललं नाही. दत्ताशेठ तो, त्याच्यावर कोण हात टाकणार?

मी टाकला. शेजारी गाडामालक उभा होता, त्याच्या हातातली काठी घेतली आणि दत्ताच्या डोक्यात घातली. फेटा उडाला. दुसरी घातली तेव्हा फेटा नव्हता. बरं वाटलं. इथं खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

मग गाव आलं.

मी बास म्हणत होतो. ओरडत होतो. कुणाला ऐकू जाणार? सासूबाई त्याच्या अंगावर पडल्या, त्यांना केसांना धरून बाजूला ओढलं. जुंपलेले बैल बिथरले, गाडा माणसांतून गेला. एका म्हाताऱ्याचा पाय चाकाखाली. पोलीस आले तेव्हा दत्ता पालथा होता, तोंड त्या पिवळ्या मातीत. मीच उलटा केला. श्वास होता.

माझ्या हातात काठी नव्हती तेव्हा. कधी टाकली ते नाही आठवत.

१४ एप्रिल, मंगळवार

घाट खणणं सुरू. पोलीस बंदोबस्तात. मास्क लावून उभा होतो, या वेळी प्रत्येक डंपरमागं स्वतः डेपोपर्यंत जाणार. काही बायकांनी पुड्या परत आणून दिल्या. काहींनी दार लावून घेतलं. जेसीबीवर दोनदा दगड आले. टँकरवाला सांगत होता, रामकिसन हात गळ्यात बांधून आपल्या गावी, बीडला गेला.

दत्ता आयसीयूत. डोळे उघडतो, बोलत नाही. सासूबाई बाहेर बाकावर. माझ्याशी बोलत नाहीत. पोलिसांशीही नाहीत. तळहातावर चुन्यानं भाजल्याचा डाग, त्याच्याकडं बघत बसतात.

पोलिसांना एकच हवंय. पहिला वार कुणाचा. दोनशे माणसांची नावं कोण घेणार, पहिल्यावर केस उभी राहते. गावात विचारलं तर सगळ्यांचं एकच, गर्दी होती साहेब, दिसलं नाही. मोबाइल शूटिंग सगळं बैलांचं.

हवालदार बरा माणूस. ओवीला गोळ्या दिल्या, शेजारी बसवलं. "तू गाडीतनं बघत होतीस ना, बाळा? मामाला आधी कुणी मारलं?"

ओवीनं माझ्याकडं बघितलं. गोळी गालात सरकवली.

"गावानं," म्हणाली.

तिला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षाला विचारलं, तीही नाही म्हणाली.

उद्या सकाळी माझा जबाब. वर्षानं शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय. काय सांगणार, ते तिनं विचारलं नाही. ओवी मात्र जेवताना मांडीवर बसायला आली नाही.