तुझ्या पेशी का थांबल्या

प्रिय तोमोनारी,

तुझा फोन लागेना म्हणून इमाबारीला तुझ्या घरी केला. आई बोलल्या. तू वडिलांच्या टॉवेलच्या कारखान्यात जायला लागलास म्हणे. "यंत्रापाशी रमतोय, पण धड जेवत नाही. डॉक्टरेट सोडली ती सोडलीच म्हणतो," असं त्या सांगत होत्या. मी नुसतं हं हं करत राहिले. दुसरं काही बोलायला मला तोंड होतं कुठे?

इथे नागोयात तुझं टेबल अजून रिकामंच आहे. परवा प्रयोगशाळेत, प्रयोगांसाठी मेलेल्या उंदरांचं वार्षिक स्मरण झालं. प्रमुख म्हणून सेन्सेईंनी नेहमीसारखी फुलं वाहिली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ मान लववून उभे राहिले. उंदरांची एवढी कदर करणारा हा माणूस तुला मात्र सगळ्यांदेखत म्हणाला होता, "कुसाका, हात आहेत की खराटे?" तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसले होते आणि खाली बघत होते.

तुझा प्रयोग मला मनापासून आवडायचा. रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींवर साखरेच्या धाग्यांची लव असते, जखमेकडून आलेला रासायनिक निरोप त्या लवेत अडकून राहतो, आणि पांढऱ्या पेशी तो जिथे दाट होत जाईल तिकडे सरकत जातात. लव नसेल तर निरोप प्रवाहात वाहून जातो. तू तसल्या पेशींचा थर काचपट्टीवर वाढवलास आणि त्यावर रक्ताचा थेंब, त्यातला द्रव धुऊन न काढता, जसाच्या तसा सोडलास. पांढऱ्या पेशी हलायला तयार नाहीत. पट्ट्या बदलल्यास, रसायन नवं मागवलंस, तरी तेच. रक्त मात्र बदललं नाहीस, कारण दाता एकच हवा अशी सेन्सेईंची शिस्त, आणि ती दाता मी. तू आलास त्याच्या आधीपासून दर सोमवारी बाही वर करून बसणारी, ठणठणीत मिझुहो-सान.

एकदा तू दबकत विचारलंस, "रागावू नका, पण रक्त घेताना चुकून हेपरिनची नळी तर नाही ना लागली?" प्रश्न अगदी बरोबर होता. रक्त गोठू न देणारं हेपरिन हीसुद्धा त्याच जातीची साखर. ती रक्तात मोकळी फिरत असली की निरोप तिलाच चिकटतो, लवेवर उरत नाही. मी ठसक्यात म्हणाले, "मला शिकवतोस होय रे?" नळी खरंच बरोबर होती.

हेपरिन माझ्या अंगात होतं. तीनदा माझं मूल पोटात राहिलं आणि गेलं. पहिल्या वेळी मी सगळ्यांना सांगून बसले होते. नंतर एकेकाला गाठून ते गेल्याचं सांगावं लागलं, आणि लोक माझ्यासमोर हळू आवाजात बोलू लागले. या चौथ्या वेळी डॉक्टरांनी गुठळ्या टाळायला रोज सकाळ-संध्याकाळ पोटात हेपरिनची सुई घ्यायला सांगितली. पाचव्या महिन्यात पंचांगातल्या शुभ श्वानदिवशी सुखरूप बाळंतपणासाठी पोटपट्टी बांधेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. रक्त द्यायला नाही म्हणाले असते तर का म्हणून विचारणं आलंच. म्हणून देत राहिले. तू विचारलंस त्याच क्षणी मला सगळं लख्ख कळलं होतं, तोमोनारी. कळूनही मी तुला टोमणा मारला.

पट्टी गेल्या आठवड्यात बांधली. बाळ सुखरूप आहे. काल तुझ्याच काचपट्ट्या काढल्या आणि एकीवर प्रयोगशाळेत नुकत्याच आलेल्या विद्यार्थिनीचं रक्त ठेवलं, दुसरीवर माझं. तिच्या पेशी सरळ निघाल्या, माझ्या जागच्या जागी. आज सकाळी दोन्ही चित्रं सेन्सेईंसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती एकाशेजारी एक लावून पाहिली. मग म्हणाले, "त्याचा डॉक्टरेट सोडण्याचा अर्ज मी अजून पुढे पाठवलेला नाही. लिही त्याला. मीही लिहितो." हे पत्र त्यासाठी आहे. तू परत ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी समोरही येणार नाही. क्षमा मागायचीही मला लाज वाटते, कारण पुन्हा तशीच वेळ आली, एकीकडे हे बाळ आणि दुसरीकडे तू, तर मी त्या दिवशी तोंड उघडेन का, हे आजही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तुझ्यापुढे मान वर करू न शकणारी, तरीही तुझीच,
मिझुहो