कार्डाची मागची बाजू

३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचायच्या आधी खाली बस. मी एक गोष्ट केलीय जी करायला नको होती, आणि तिचा दोष आत्याने स्वतःच्या अंगावर घेतलाय. फोनवरच सांगितलं असतं, पण या घरात फोन फक्त आत्याच्या खोलीत नीट लागतो.

तुला माहीतच आहे, वाचनालयात नवे साहेब आलेत आणि त्यांना सगळं ऑनलाइन हवंय. एकतीस वर्षं लाकडी खणातली कार्डं चाळणाऱ्या आपल्या आत्याला त्यांनी सांगितलं की महिनाभरात वाचकांची सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवा, नाहीतर काउंटर दुसऱ्याला देऊ आणि तुम्ही तळघरातल्या फाटक्या पुस्तकांकडे जा. मग तिला शिकवायला कोण, तर मी. दहावीत दोनदा आपटलेला मास्तर! ती माऊस इस्त्रीसारखा दाबून फिरवायची. पासवर्ड टाकायचा म्हटलं की आधी उठून दार लावून यायची. मी खूप हसलो, पण खरं सांगतो, ती शिकली. प्रत्येक पायरी वहीत लिहून घ्यायची आणि पाढ्यासारखी म्हणायची.

आता माझा पराक्रम. कार्डांच्या मागे आत्याने पेन्सिलीने बारीक अक्षरात वाचकांबद्दल लिहून ठेवलंय. दातांचे डॉक्टर: आंघोळ करताना वाचतात, नवी प्रत देऊ नये. बँकेतल्या मॅडम: शेवटचं पान आधी वाचून अख्ख्या रांगेला सांगतात. मी पोट धरून हसलो. स्कॅन फक्त पुढच्या बाजू करायच्या होत्या. मी चाळीस कार्डांच्या मागच्या बाजूही केल्या, आणि आत्या काउंटरवर असताना तिच्याच खात्यातून 'सर्वांना दिसावे' या चौकटीत टिचकी मारली. दुपारपर्यंत अर्धं गाव हसत होतं. दातांचे डॉक्टरसुद्धा.

पण चाळीसच्या चाळीस मी वाचली नव्हती. त्यात कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांचं कार्ड होतं. दर शनिवारी जाडजूड पुस्तक नेणारे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसणारे ते. मागे लिहिलं होतं: वाचता येत नाही. चष्मा विसरलो म्हणतात, आपण मान डोलवावी. पुस्तक देताना गोष्ट तोंडी सांगावी, म्हणजे घरी नातीला सांगता येते. कुणाला कळू नये.

ते नातीनेच मोबाइलवर पाहिलं आणि हसत हसत मोठ्याने वाचलं, आजोबांच्या समोर. नाव तिने नंतर बघितलं.

दोन शनिवार ते आले नाहीत. पुस्तक शेजाऱ्याच्या हाती परत आलं. आत्या म्हणते, तिचंच बोट भलतीकडे पडलं. साहेबांनाही तिने तेच सांगितलं. आणि मी गप्प बसलो ताई. पहिल्या दिवशी मजा बघत, दुसऱ्या दिवसापासून घाबरून. आता काय करू?

लोभ हवा तर थोडा कमी कर, पण संपवू नकोस.

तुझा,
कार्टा

८ जुलै

चि. कार्ट्यास,
आशीर्वाद देते, पण हात आखडून.

तुझं पत्र मी वॉर्डात उभ्यानेच वाचलं. खाटेवरच्या आजींनी विचारलं, सिस्टर, घरी सगळं ठीक ना. मी हो म्हटलं आणि त्यांना एकच गोळी दोनदा द्यायला निघाले. असली तुझी पत्रं!

लहानपणी तू साखरेच्या डब्यात मीठ भरलंस तेव्हा आत्याच सगळ्यांना सांगत होती की मारू नका, डोकं आहे त्याला. ते डोकं त्या दिवशी कुठे गहाण टाकलं होतंस?

तिचंही पत्र आलंय. लिहिते की ही यंत्रं आपल्याच्याने व्हायची नाहीत, काउंटर सोडावं म्हणते. त्यात तुझं नाव एकदाही नाही. तिच्या पत्रात तुझी एक तरी तक्रार असतेच, रे. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं.

साहेब वीस तारखेला ठरवणार आहेत. त्याआधी तिला सांग. मी सांगितलं तर ती चुगली होईल, तुझ्या तोंडून आलं तरच कबुली. आणि शिंपीकाकांकडे जा. तिथे भाषण ठोकू नकोस, तुझी भाषणं मी ऐकलीत.

वेळेवर जेव. रागावलेली, तरीही तुझीच,
ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. चार दिवस लागले, पण सांगितलं. आत्या भांडी पुसत होती. तिने हात कोरडे केले आणि वही आणली. त्यात माझाच एक धडा होता: कोणी काय बदललं आणि कधी, ते कुठे दिसतं. तिने दुसऱ्याच दिवशी बघितलं होतं. शनिवार, अकरा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी ती काउंटरवर शिंपीकाकांना गोष्ट सांगत होती. म्हणाली, तू शिकवलंस त्यातलं हेच सगळ्यात आधी कामाला आलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, मग साहेबांना का नाही सांगितलंस. म्हणाली, तू येऊन सांगशील म्हणून वाट बघत होते. आणि म्हणाली की चूक तिचीही आहे, दुसऱ्याची लाज अशी कागदावर लिहून ठेवायची नसते.

मी साहेबांकडेही गेलो. ते म्हणाले, खातं तुझ्या आत्यांचं, जबाबदारी त्यांची. आत्या तळघरात गेली. तिथेही तिने कॉम्प्युटर मागून घेतलाय आणि फाटकी पुस्तकं एकेक पान स्कॅन करते, माझ्या मदतीशिवाय. पण जायच्या आधी तिने सगळ्या कार्डांच्या मागचं खोडलं. मीही रबर घेऊन बसलो. खोडताना वाचत होतो. एका बाईंच्या कार्डामागे होतं: मुलगा गेला, त्या मागतील तेव्हाच हसरं पुस्तक द्यावं. ते मी खोडलं. आता काउंटरवर जो आहे त्याला हे कोण सांगणार?

माझंही कार्ड निघालं. त्यावर एकाही पुस्तकाची नोंद नाही. मागे लिहिलंय: येईल कधीतरी. तेवढं मी खिशात घातलं.

शिंपीकाकांच्या दुकानात भाषण केलं नाही. चुकलो, एवढंच म्हणालो. त्यांनी माझं माप घेतलं. ते मापं लिहीत नाहीत, प्रत्येक गिऱ्हाइकाची कापडाची पट्टी ठेवतात आणि तिला कात्रीने छेद देतात. इतकी वर्षं मला ती त्यांची लकब वाटायची. मग म्हणाले, नात आता रोज वाचून दाखवते, अगदी हळूहळू, अक्षरांवर बोट ठेवून. आधी गोष्ट मीच तिला सांगायचो. एवढं बोलून त्यांनी मशीन सुरू केलं.

मी निघालो तेव्हा त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, जहाज बुडाल्यावर त्या खलाशाचं काय झालं. त्या शनिवारी रांग वाढली म्हणून आत्याने गोष्ट तिथेच थांबवली होती.

मला काय ठाऊक! मी ते पुस्तक माझ्या कार्डावर काढलं. तीनशे बारा पानं, ताई. ओठ हलवत आठ दिवस वाचलं. काल शनिवारी दुकानात जाऊन पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. काका म्हणाले, आज नेमका चष्मा विसरलो. चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी मान डोलावली आणि सांगायला बसलो.

वाचनालयात ते पुन्हा यायचे नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीवर आता प्रिंटर ठेवलाय. पण काल संध्याकाळी ते घरी निघाले ते नेहमीपेक्षा लवकर.

म्हणून पाया पडतो ताई, हे कोणाला सांगू नकोस, आत्यालाही नाही. जे सगळ्या गावाला कळलंय ते आम्ही दोघं मिळून लपवतोय. माझ्यामुळे एकदा फुटलं, आता तुझ्यामुळे फुटायला नको. कोणाला म्हणजे कोणालाच सांगू नकोस.

तुझा,
कार्टा