भालूचं कलम

जयभीम. मी, चतुराबाई जळबा पाईकराव, वय सहासष्ट, धंदा कूलर बनवणे व दुरुस्ती, राहणार औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाला शंका असल्यास काल ज्यांच्या जळालेल्या मोटरींत मी नवी तार भरून दिली, त्या गिऱ्हाइकांना विचारावं. परवा नांदेडला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. माझ्यावर आज कोणाचं दडपण नाही. दडपण आणणारा उद्या टेम्पो घेऊन येणार आहे, म्हणून हे आजच लिहिते.

कलम १. राहतं घर आणि पुढचं दुकान माझा मुलगा धम्मानंद व मुलगी ऐश्वर्या यांना निम्मं-निम्मं. धम्मानंदला पुण्यात फ्लॅट आहे, त्याचा वाटा कमी करावा असं मनात आलं होतं, पण लेकरू आहे माझं. त्यानंच भालूला, म्हणजे या सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याला, "आई, फक्त पंधरा दिवस" म्हणून इथं आणून सोडलं. त्याला दोन वर्षं झाली. बर्फातलं जनावर, अंगावर गोधडीएवढे केस, वजन माझ्यापेक्षा जास्त, आणि आणून बांधलं कुठं, तर औंढ्यात. या अकलेबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही, हे नोंदवून ठेवते.

कलम २. माझे दिवंगत पती जळबा यांची सगळी हत्यारं, वाइंडिंगचं मशीन आणि पत्रा कापायच्या कात्र्या माझ्या दुकानात काम करणाऱ्या तांड्यावरच्या भीमसिंग राठोड यांच्या मुलीला, शितलला. खरं तर भीमसिंगलाच द्यायची होती, पण तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकील म्हणाले. तसाही कामात शितलचा हात बापापेक्षा साफ आहे. त्याला राग आला तर येऊ द्या.

कलम ३. माझ्या दिराचा मुलगा प्रेमदास याला मेंढरं कातरायची एक कातर. बाकी काही नाही. मागच्या उन्हाळ्यात मी तपासणीला गेले तेव्हा याच कातरीनं त्यानं भालूला पार भादरून काढलं. वर मला सांगतो, "काकू, त्याला गरमी होऊन राहिली होती." अरे बाबा, ते केस म्हणजे त्याचा उन्हातला आडोसा. पाठ सोलून निघाली, जखमांत किडे पडले, रात्रंदिवस मी चिमट्यानं वेचले. आता त्याला भालू पाहिजे. लोकांच्या लग्नांत नवरदेवाशेजारी उभा करून पैसे घेऊन फोटो काढायचे, त्याची पिल्लं विकायची. उद्याचा टेम्पो त्याचाच. भालूवर त्याचा कसलाही हक्क नाही.

कलम ४. (खोडले.) भालू याच घरात राहील. धम्मानंदनं पगार देऊन माणूस ठेवावा. भालू मेल्यावर घर विकावं असं मी लिहिणार नाही, नाहीतर घराच्या लोभानं कोणी भालूला पुढचा मे बघू देणार नाही. मधल्या खोलीत मी त्याच्यासाठी बनवलेला मोठा कूलर आहे, तो चालू ठेवावा. ऐश्वर्या हिमाचलात दवाखान्यात नर्स आहे. ती सारखी फोन करते, "आई, त्याला माझ्याकडं दे, इथं मे महिन्यात रजई लागते." पण माझ्या कूलरपुढं

इथपर्यंत लिहिलं आणि लाइट गेली. वरचं कलम का खोडलं ते सांगते.

तासाभरानं लाइट आली, कूलर सुरू झाला, तरी भालूची धाप थांबेना. आभाळ भरून आलंय. हवा कोरडी असली तरच कूलर गार करतो, ओल्या हवेत तो नुसती वाफ फेकतो. हे मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले, आणि आज माझ्याच खोलीत माझंच जनावर लादीवर आडवं पडलं. जीभ जांभळी, डोळे वर. भीमसिंग आणि शेजारच्या पद्माबाईनं पोटावर, पायांवर पाणी ओतलं. मला उठवत नव्हतं.

भीमसिंग म्हणाला, "अक्का, राग मानू नका. जनावर इथं मरून राहिलं. तुमी काहून धरून बसल्या त्याला?"

मी म्हणाले, "मग मी कोणाला धरून बसू?"

भीमसिंगनं आणखी एक बादली ओतली. बऱ्याच वेळानं भालूनं मान उचलली आणि तो भांड्यातलं पाणी प्यायला. मी ऐश्वर्याला फोन लावला.

कलम ५. भालू ऐश्वर्याला. हे कलम मी मरायची वाट बघणार नाही, ते आजच लागू आहे. माझं काही बरंवाईट झालं तर तेरावं-चौदावं करू नये, त्रिसरण-पंचशील म्हणावं. त्यासाठी ऐश्वर्यानं यायचं तर एकटीनं यावं. भालूला पुन्हा या मुलखात आणू नये, माझ्या मातीलासुद्धा नाही.

शितलच्या नवऱ्याची एसी गाडी दारात उभी आहे. सही झाली की भीमसिंग भालूला घेऊन निघेल, ऐश्वर्या त्याला घ्यायला दिल्लीपर्यंत येते. मी बाहेर जाणार नाही. भालूनं मागं वळून पाहिलं तर मी हे कलमही खोडीन. म्हणून सही आधी करते.

सही: चतुराबाई जळबा पाईकराव

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. कलम ४ च्या खाडाखोडीवर तिघांच्याही सह्या आहेत.

साक्षीदार:
१. भीमसिंग रतनसिंग राठोड
२. पद्माबाई माणिकराव खिल्लारे

ठिकाण: औंढा नागनाथ
दिनांक: २ जून २०२४