हातखंब्याला जेवलो त्याबद्दल

लांजा,
रविवार, १५ जुलै १९८४

प्रिय काशीराममामांस,

सदूचा सप्रेम जय भीम. मामींनाही सांगा. इकडे आई ठीक आहे, गंगा ठीक आहे, म्हैस ठीक आहे. मी मात्र बुधवारपासून ठीक नाही. (ताप नाही, मामींना काढा पाठवू देऊ नका.) तुमच्या गुडघ्याचं काय झालं? डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं आणि खोली तिसऱ्या मजल्यावर, हे कसं जमवता ते कळवा. खारकोवहून तुमच्यासाठी आणलेली लोकरी टोपी आईने ट्रंकेत ठेवली आहे. ती मुंबईत तुम्ही कधी घालणार, हा प्रश्न घेताना मला पडला नाही. उणे वीस अंशात उभं राहिलं की माणसाला मुंबई नीट आठवत नाही.

आता बुधवारचं सांगतो. सगळं सांगतो, कारण निम्मं सांगायची सवयच मला नडली आहे. आपल्या धाकट्या गंगाच्या कॉलेजप्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता, तो आणायला मी रत्नागिरीला कचेरीत गेलो होतो. दाखला मिळाला. गोल शिक्का, खाली सही, वर ठळक अक्षरांत ‘नवबौद्ध’. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी शर्टाच्या आत ठेवून मी परतीच्या एस.टी.त बसलो. हातखंब्याला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे पालीजवळ रस्त्यावर भलंमोठं झाड आडवं पडलं होतं, ते कापून रस्ता मोकळा व्हायला चार वाजणार, असं कंडक्टरने सांगितलं. तेव्हा साडेअकरा वाजले होते. मी टपरीवर चहा घेत उभा राहिलो. तिथे पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे म्हणजे माझ्या पायांकडे. चिखलाला बरे म्हणून मी रशियातले घोट्याच्या वर येणारे बूट घातले होते.

‘रशियन बूट?’ त्यांनी विचारलं.

मी हो म्हटल्याबरोबर त्यांनी मला ‘तवारिश’, म्हणजे कॉम्रेड, म्हणून हाक मारली. हे हरिश्चंद्रराव. मुंबईच्या गोदीत त्यांनी वीस वर्षं काम केलं, रशियन बोटी रिकाम्या केल्या, तिथल्या खलाशांकडून अकरा शब्द शिकले आणि गावी परत आल्यापासून गेली चार वर्षं त्यांना ते अकरा शब्द ऐकवायला एकही माणूस मिळाला नव्हता. मी तिथे शिकतो, तीन वर्षांनी पहिल्यांदाच सुट्टीवर आलोय, म्हटल्यावर त्यांनी माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले आणि घर दहा मिनिटांवर आहे, जेवायला चला, म्हणाले. मग नाव विचारलं. मी म्हटलं, सदानंद जाधव.

‘म्हणजे आमच्यातलेच की. मी पण जाधव.’

मामा, इथे मी बोलायला हवं होतं. तुम्ही मला लहानपणापासून बजावलं आहे, आपण कोण ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं, म्हणजे पुढची वाक्यं सुखाने बोलता येतात. त्या ‘आमच्यातलेच की’नंतर एक घोट चहा घेण्याइतका वेळ मला मिळाला होता. मी तो घोट घेतला. हे काही भीतीने नाही (थोडं भीतीने), पण मी तीन वर्षं एका खोलीत व्हिएतनामी, क्यूबन आणि आफ्रिकेतल्या मालीचा एक मुलगा यांच्याबरोबर एकाच तव्यातून बटाटे खाल्ले आहेत, त्यात मला कोणी आडनाव विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यांना त्यातून काही कळलं नसतं. माणूस विसरतो. नाही, विसरत नाही. विसरला आहे असं स्वतःला सांगतो.

घर छान होतं, जांभ्या दगडाचं. ओटीवर त्यांची आई कुळीथ निवडत बसली होती. ऐंशीची असेल, पण डोळे असे की चष्मा घालणाऱ्याला लाज वाटावी. ओटीचं छप्पर एका बाजूने गळत होतं म्हणून आमची पानं आत, थेट चुलीजवळ मांडली. हरिश्चंद्ररावांच्या पत्नी विमलावहिनी वाढत होत्या. तांबड्या तांदळाचा भात, चढणीच्या माशांचं सार, टाकळ्याची भाजी आणि भाजलेला सुका बांगडा. तीन वर्षं मी बीट आणि कोबीवर काढली आहेत. मनाला धाकधूक होती, पण पोटाला तिचा पत्ता नव्हता. मी तीन वेळा भात घेतला.

म्हातारी समोर येऊन बसली आणि चौकशी सुरू झाली. गाव कनचा? मी सांगितलं, लांज्याजवळ. वाडी कनची? मी म्हटलं, आजी, खारकोवला हिवाळ्यात नदी गोठते, माणसं तिच्यावरून चालत जातात. (मामा, वाडी सांगितली की सगळंच सांगितलं.) हरिश्चंद्ररावांनी मान डोलावली. म्हातारीने नदी गोठू दिली आणि पुन्हा विचारलं, वाडी? मी म्हटलं, तिथला पाव काळा असतो आणि आंबटही. पावानंतर तिने बापाचं नाव विचारलं. मी गंगाराम सांगितलं. ‘गंगाराम म्हंजे शाळेजवळचा?’ मी हो म्हटलं. आपली वाडी शाळेच्या पुढे मैलभर आहे, पण रशियाच्या हिशेबाने मैल म्हणजे जवळच. बांगड्याचा काटा घशात अडकला आहे की मीच अडकलो आहे, ते मला कळेना. छातीजवळ दाखल्याची पिशवी प्रत्येक घासाला कुरकुरत होती.

तरी मी निभावलं असतं. पण शाळेजवळचा म्हटल्यावर म्हातारी खूश झाली. तिच्या कोणा चुलतबहिणीचं घर त्या शाळेजवळ होतं म्हणे. ती उठली, फडताळातून झाकलेली वाटी काढली. त्यात गाभोळी, म्हणजे माशाची अंडी होती, तिने स्वतःसाठी ठेवलेली. ती तिने आपल्या हाताने माझ्या पानात वाढली आणि म्हणाली, ‘परदेशात कोण घालतंय रे तुला असा. खा.’

ती मला खाता येईना. भात दुसऱ्या कुणाच्या नावावर खाल्ला होता तेवढा पुरे झाला होता. मी म्हटलं, ‘आजी, मी बौद्धवाडीतला.’

हरिश्चंद्रराव कुठल्याशा रशियन कप्तानाबद्दल सांगत होते ते कप्तानाला तसाच बोटीवर सोडून थांबले. म्हातारीने रिकामी वाटी खाली ठेवली, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मागच्या दाराने बाहेर निघून गेली. विमलावहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘भात घ्या.’ मी घेतला. गाभोळी खाल्ली तर चोरी, ठेवली तर अपमान. मी खाल्ली. चांगली होती, हे लिहिताना मला लाज वाटते, पण चांगली होती.

मग ताट. मी माझं ताट धुवायला उचललं, तर वहिनींनी दुसऱ्या बाजूने धरलं. मी धुतलं तर त्यांना वाटणार मी अपमान मनाला लावून घेतला. त्यांनी धुतलं तर म्हातारी काय म्हणणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आम्ही दोघं ते ताट दोन्हीकडून धरून उभे होतो. शेवटी हरिश्चंद्ररावांनी ते आमच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः विहिरीवर नेऊन धुतलं. त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच भांडं धुतलं असावं, कारण वहिनी जेवण विसरून तेच बघत राहिल्या.

मला पोचवायला ते हमरस्त्यापर्यंत आले. मग म्हणाले, ‘आधी का नाय सांगितलात?’

‘आधी सांगितलं असतं तर जेवायला नेलं असतंत?’

ते रस्त्याखालची मोरी येईपर्यंत विचार करत चालले. ‘नेला असता,’ म्हणाले. ‘ओटीवर वाढला असता.’ खोटं बोलले नाहीत, हे मी त्यांच्या खात्यावर लिहून ठेवलं. पुढे म्हणाले, ‘गोदीत तुमच्यातला धाकू होता. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी रोज त्याची, त्याच्यातलं कालवण माझा. मुंबईत काय वाटायचा नाय. गावी येताना हातखंब्याला उतरलो की वाटायला लागायचा.’

गाडी आली. मी पायरीवर चढलो तेव्हा खालून ते म्हणाले, ‘बावीस तारखेला, रविवारी, मी तुमच्याकडे जेवायला येतो.’ मी या म्हटलं. हा राग होता, वचन होतं की नुसती बोलण्याची रीत, याचा मी चार दिवस विचार करतो आहे. आईला मी सांगितलं की हातखंब्याचे एक ओळखीचे गृहस्थ जेवायला येणार. कोण, म्हणाली. मी म्हटलं, जाधव. ती म्हणाली, म्हणजे आपल्यातलेच. आणि मी, मामा, पुन्हा एक घोट चहा घेतला.

आई तयारीला लागली आहे. काल तिने भिंत सारवली. तुमच्या आशीर्वादाची गरज आहे.

तुमचा भाचा,
सदू

ता. क. : गुडघ्याची चौकशी मनापासून केली आहे, पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. बावीसला तुम्ही या. मला वाटतं ते येणार नाहीत. आई दुपारपर्यंत वाट पाहील, मग पान झाकून ठेवेल, आणि मला विचारेल, तुझे जाधव कुठे राहिले? तुम्ही त्या पानावर बसलात तर तिला एवढंच वाटेल की पाहुणा आला. शनिवारी संध्याकाळी लांजा स्टँडवर मी छत्री घेऊन उभा असेन. इथे जिने नाहीत.

ता. क. दुसरा, मंगळवार, १७ : पत्र पेटीत टाकायला निघालो तो दारात हरिश्चंद्रराव. पहिल्या गाडीने आले, लांज्याहून बौद्धवाडी विचारत चालत. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी आईला नमस्कार केला आणि म्हणाले, ‘मी हरिश्चंद्र जाधव, मराठ्यांचा. मुलानं सांगितलं असेलच.’ आईने माझ्याकडे पाहिलं. त्याबद्दल मी समक्ष भेटीत सांगेन. रविवार सोडून आज कसे, विचारलं, तर म्हणाले, बुधवारपासून त्यांची आई त्यांना चुलीजवळ येऊ देत नाही, माझ्या पंगतीला जेवले म्हणून. सहा दिवस ओटीवर गळक्या छपराखाली जेवतायत. ‘म्हटला, रविवारपर्यंत कशाला थांबू.’ आई म्हणाली, आज पेज आणि सुकटीची चटणी आहे. ते म्हणाले, पेज चालेल. आता आत बसून दुसरा वाडगा संपवतायत आणि गंगाला अकरापैकी सहावा शब्द शिकवतायत. तो शब्द चांगला नाही, पण मी मध्ये पडलेलो नाही.

तरी तुम्ही रविवारी याच. आईने ते जेवण रद्द केलेलं नाही. विमलावहिनींना बोलावलं आहे आणि म्हातारीलाही निरोप धाडला आहे. ती येणार नाही, हे हरिश्चंद्ररावांनी तीनदा सांगितलं. आई म्हणाली, नको येऊ दे, मी पान मांडणार. तेव्हा मामा, एक पान रिकामं राहील, पण त्यावर बसू नका. तुमचं वेगळं आहे.